ओके

आता तुम्ही म्हणाल, 'ओके'त न कळण्यासारखं काय आहे? आमच्या मंठ्याच्या भगवानरावांना विचारा. त्यांचा पुण्यातला मुलगा बापाच्या प्रत्येक मेसेजला तेवढंच लिहितो. म्हैस व्याली, ओके. आजी गेली, तरी ओके. परवा 'आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, ये' म्हणून कळवलं, पुन्हा ओके.

"म्हंजे येऊन राह्यला का न्हाई?" भगवानरावांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "कचेरीतल्या माझ्या उभ्या नोकरीत साहेबाचाही इतका मोघम शेरा वाचला नाही."

तेवढ्यात मुलाचा मेसेज आला, 'सुट्टीचं अवघड आहे.' एरवी दहा ओळी लिहिणाऱ्या भगवानरावांनी नुसतं 'ओके' पाठवलं.

दोन मिनिटांत फोन. "बाबा, रागावलात का? आजच निघतो!"

फोन ठेवून भगवानराव म्हणाले, "इतकी वर्षं उगाच सविस्तर लिहीत बसल्तो."