हुकमी स्वप्न

नाही, मी काय म्हणतो, झोपेतसुद्धा माणसानं सासऱ्याचं ऐकायचं? तुम्हीच सांगा! दिवसभर त्यांच्या दुकानात मान मोडून घड्याळं दुरुस्त करतो, वर टोमणे ऐकतो, ‘जावईबापू, स्क्रू पाडू नका! जावईबापू, हात आहेत की पाय?’... आणि डोळा लागला रे लागला की स्वप्नात पुन्हा तेच हजर! म्हटलं, बास! झोप माझी, स्वप्न माझं, हुकूम कुणाचा? माझा!

शेजारच्या मास्तरांनी उपाय सांगितला. ‘झोपताना मनाशी ठाम म्हणायचं, आज स्वप्न पडलं की मला ते ओळखू येईल. आणि ओळखायचं कसं? घड्याळ बघा, मान वळवा, पुन्हा बघा. वेळ भलतीच दिसली की समजा, स्वप्न! मग तुम्हीच राजे!’ झालं! उशीवर डोकं टेकलं की माझा जप सुरू. बायको वैतागली, ‘अहो, पुटपुटताय काय? माझ्या बाबांना शिव्या देताय ना?’ म्हटलं, अजून नाही, स्वप्नात देणार आहे! झोप माझी, स्वप्न माझं... ती कूस बदलून झोपलीसुद्धा.

आणि एके दिवशी, तुम्हाला सांगतो, सासरे समोर उभे, ‘जावईबापू, हे काम आहे की टंगळमंगळ?’ मी घड्याळ बघितलं, सव्वादहा. मान वळवली, पुन्हा बघितलं... पावणेचार! अरे वा, स्वप्न! चढलो ना स्टुलावर! ‘ओ मामा, गप्प बसा! हात माझे झिजतात आणि तोंड तुमचं चालतं! परत जावईबापू म्हणालात तर तुमचेच सुटे भाग करून डबीत भरून ठेवीन!’ गिऱ्हाईकं आ वासून बघतायत, मी मिशीला पीळ देतोय... आणि मग डोक्यात प्रकाश पडला. अहो, दुरुस्तीचं दुकान ते! भिंतभर घड्याळं, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही! मान वळवली की वेळ बदलणारच ना!

पण म्हटलं, आता माघार नाही. बोललो ते बोललो! सासऱ्यांनी खिशातनं किल्ल्या काढून माझ्या हातात ठेवल्या, ‘खरं आहे तुमचं. आजपासून दुकान तुमचं. मी घरी आराम करतो.’ जिंकलो की नाही? सांगा ना!

आता ते आमच्याकडेच असतात. दुपारी जेवले की माझ्याच पलंगावर ताणून देतात, आणि घोरता घोरता ओरडतात, ‘जावईबापू, शटर उघडा! जावईबापू, झाडू मारा!’ बायको कौतुकानं म्हणते, ‘बाबांना हल्ली काय छान स्वप्नं पडतात!’ घ्या! झोप त्यांची, स्वप्न त्यांचं... आणि तिथंही कामाला मीच!