ओल्या मातीतला वकील

शिल्पकार : कान परत मोठा झाला का? सोमवारी म्हणालात मोठा, मी छाटला. गुरुवारी म्हणालात लहान, मी माती चढवली. आज काय तक्रार, वकिलीणबाई?

वकिलीणबाई : आज कान ठीक आहेत. हनुवटी.

शिल्पकार : तिला काय धाड भरली?

वकिलीणबाई : जरा पुढे आल्यासारखी वाटते.

शिल्पकार : इतका फिरता चेहरा घेऊन तुमचा नवरा कोर्टात गेला असता, तर न्यायाधीशांनी रोज ओळखपत्र मागितलं असतं.

वकिलीणबाई : चेष्टा करा तुम्ही, ताई. चौकात बसवणार आहेत त्याला. कायमची चुकीची हनुवटी घेऊन बसू दे?

शिल्पकार : चौकात बसायला आधी इथून उठायला हवा ना! समितीच्या अध्यक्षांचा पुन्हा फोन होता. त्याने सोडवलेली वीटभट्टीवरची सगळी माणसं अनावरणाला येणार आहेत, बायकापोरांसकट. त्यांना काय कळवू? छातीपर्यंतचाच पुतळा आहे, तरी बाईंचं हनुवटीवर अडलंय?

वकिलीणबाई : सांगा, माती अजून ओली आहे.

शिल्पकार : ओली राहणारच. रोज येऊन ओली फडकी तुम्हीच गुंडाळता. इतक्या नेमाने माझ्याकडे पगारी माणूससुद्धा आला नाही कधी.

वकिलीणबाई : तडा जाऊ नये म्हणून.

शिल्पकार : इकडे बघा. माझ्याशी खोटं बोललात तर चालेल, त्याच्यासमोर नको. हनुवटी बरोबर आहे की नाही?

वकिलीणबाई : आहे.

शिल्पकार : आणि कान?

वकिलीणबाई : पहिल्या दिवसापासून बरोबर होते.

शिल्पकार : धन्य आहात! आणि मी वेडी, माझी नजर गेली म्हणून चष्म्याचा नंबर बघून आले.

वकिलीणबाई : रागावलात?

शिल्पकार : रागावून कुणाला सांगू? त्या प्लास्टरच्या गोणीवर नका बसू, साडी पांढरी होईल. स्टूल घ्या. चहा गार झालाय, तसाच प्या. आणि आता बोला.

वकिलीणबाई : साचा काढला की आतल्या मातीचं काय होतं?

शिल्पकार : खरवडून परत पिंपात. पुढे कुणाचं तरी नाक होतं. मागच्या खेपेला एका थोर कवीची माती होती, तिचं एका संस्थाचालकाचं पोट झालं.

वकिलीणबाई : म्हणजे हा जाणार.

शिल्पकार : अहो, ब्राँझचा येईल ना. उन्हापावसाला भीक न घालणारा.

वकिलीणबाई : तो चौकाचा. तसा आधीपासून चौकाचाच होता म्हणा. ताई, लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्यासमोर एका जागी बसला नाही. ताट वाढलं की फोन. फोन ठेवला की निघाला. कुठल्या तरी भट्टीवर मजुरी मागितली म्हणून कुणाला कोंडून घातलेलं असायचं. इथे पहिल्यांदा बसलाय. मी येते तेव्हा असतो. मी जाते तेव्हाही असतो.

शिल्पकार : भांडला नाहीत कधी?

वकिलीणबाई : कशाच्या जोरावर? एका पारड्यात कोंडलेली माणसं, तान्ही पोरं. माझ्या पारड्यात काय, तर स्वयंपाकघरातला नळ गळतो. तुम्हीच सांगा, कुठलं पारडं खाली जाईल?

शिल्पकार : हं. आणि मग अशाच एका भट्टीच्या रस्त्यावर...

वकिलीणबाई : ट्रकने उडवला. कागदावर अपघात आहे. घर माणसांनी भरून गेलं होतं तेव्हा, पाय ठेवायला जागा नव्हती. आता वर्षातून एकदा भरतं, पुण्यतिथीला. बाकीचे दिवस मी एका माणसाचा भात लावायला शिकतेय. अजून उरतोच.

शिल्पकार : एक सांगू? नाक-डोळे जुळलेत, पण माणूस आलेला नाही. समितीने दिलेले सगळे फोटो घोषणा देतानाचे. तोंड उघडलेलं, मान ताठ. मी कितीही हात फिरवला तरी तो मला पुढारीच वाटतोय. काहीतरी राहिलंय. तुम्हाला ते ठाऊक आहे आणि कान-हनुवटीच्या आड तुम्ही ते दडवून ठेवलंय.

वकिलीणबाई : तुम्ही पोलिसात जायला हवं होतं.

शिल्पकार : तिथे कोण इतकं निरखून बघतं? सांगा.

वकिलीणबाई : ऐकताना तो जीभ गालाला आतून दाबून धरायचा. डावा गाल किंचित फुगायचा. भट्टीवरची माणसं सांगता सांगता थांबायची, रडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. हा हलायचा नाही. गाल तस्साच. मी दारातून बघायची.

शिल्पकार : मग इतके दिवस बोलला का नाहीत?

वकिलीणबाई : तेवढं झालं की तो पुरा होणार. मग तुम्ही मला कशाला येऊ द्याल?

शिल्पकार : तुमचं ऐकतानाही गाल फुगायचा?

वकिलीणबाई : माझं ऐकताना तो बूट घालत असायचा.

(शिल्पकार उठते. अंगठ्याने डाव्या गालावर थोडी माती चढवते.)

शिल्पकार : इतका?

वकिलीणबाई : कमी. अजून थोडा कमी. हं. बस, ताई. हात काढा.

शिल्पकार : आला?

वकिलीणबाई : आला. भट्टीवरची माणसं ओळखतील. त्यांना हाच ठाऊक आहे.

शिल्पकार : मग उद्या सकाळी साचा काढते. आजची फडकी तुमच्याच हातची. मी अंगणात जाऊन अध्यक्षांना फोन लावते. ते हॅलोलाच भाषण समजतात, मला वेळ लागेल.

वकिलीणबाई : ताई...

शिल्पकार : आणि उद्यानंतरही येत जा. फडकी गुंडाळायला नाही तर पिंपातली माती तुडवायला. ते काम कुणालाच आवडत नाही.

वकिलीणबाई : येईन. जाताना दार ओढून घ्या.

शिल्पकार : घेतलं.

वकिलीणबाई : हं. आता बूट घालायला तुला पायच नाहीत. ऐक. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय.