अबुधाबीतला डोंगर

अपर्णा : अहो, या चित्रात कर्नाळ्याचा सुळका कुठून आला?

दत्तप्रसाद : तुला जिकडेतिकडे माहेरच दिसतं. जुनं अबुधाबी आहे ते. दोनशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या चित्रकाराने जहाजावरून काढलेलं. उद्या आमच्या बँकेच्या हॉलमध्ये लागणारेय. काच तडकली म्हणून घरी आणलं. वाढ आता, जीव नाही उरला अंगात.

अपर्णा : पण अबुधाबीला डोंगर?

दत्तप्रसाद : ते लोक जहाजावर नुसत्या रेघा मारायचे. लंडनला कोणीतरी दुसराच ते पुरं करायचा. म्हटलं, डोंगर त्याने पदरचा घातला असेल.

अपर्णा : पदरचा कसला! उरणहून लाँचने कॉलेजला जायचे मी. पाण्यातून अस्साच दिसायचा, अंगठा वर केल्यासारखा. मुंबईचं बंदर आहे हे!

दत्तप्रसाद : अरे देवा! मी पनवेलचा, आणि मला ओळखू येऊ नये?

अपर्णा : तुम्ही समुद्रातून कधी पाहिलात?

दत्तप्रसाद : खाली ‘जुने अबुधाबी’ची पट्टी मीच लावलीय गं.

श्रिया : बाबा, जस्ट टेल देम.

दत्तप्रसाद : टेल देम म्हणे! मॅनेजर आधीच माणसं कमी करतोय. माझा व्हिसा गेला तर मार्चमध्ये बारावी कुठून देशील?

अपर्णा : मग गप्प बसा. कोणाला कळतंय?

दत्तप्रसाद : बँकेचा म्हातारा चेअरमन या चित्रापुढे खुर्ची टाकून बसला होता. या होडीवर बोट ठेवून हिंदीत म्हणाला, माझे आजोबा असल्याच होडीतून मोती काढायला जायचे. डोळे पुसत होता गं. त्याला कसं फसवू? वीट आलाय मला या सगळ्याचा.

(दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी.)

अपर्णा : सांगितलंत?

दत्तप्रसाद : सांगून टाकलं, खलास. मॅनेजर माझ्याकडे खाऊ का गिळू असा बघत होता.

अपर्णा : आणि म्हातारा?

दत्तप्रसाद : म्हणाला, आजोबा मोती विकायला मुंबईलाच जायचे. चित्र राहू दे, पट्टी बदल.

श्रिया : सो वी आर स्टेइंग?

दत्तप्रसाद : तुझ्या परीक्षेपर्यंत तरी. इन्शाल्ला.

अपर्णा : मग तोंड पाडून का बसलात?

दत्तप्रसाद : निघताना त्याने विचारलं, हा डोंगर तुझ्या घरातून दिसतो का?

अपर्णा : दिसतो म्हणायचं. पनवेलच्या गॅलरीतून दिसतोच की.

दत्तप्रसाद : म्हणालो ‘नाही’. मला ही आपल्या इथल्या, अल मजाजच्या घराची खिडकीच आठवली गं आधी.