आमच्यावाचून झालेली भेट

कांदिदो : पुरे, कोमाद्रे, पुरे! घेवड्याचा तिसरा तिकुको आहे हा. या वयात एवढं खाल्लं तर डोंगर उतरणार कोण?

देल्फिना : खा हो. सोलून ठेवलाय, आता परत का गुंडाळू? उद्या नदीवर मिळतील न मिळतील.

कांदिदो : मिळतील न मिळतील म्हणजे? उद्या तर तुमचं अख्खं मानासारा टोपल्या घेऊन खाली उतरेल. त्यासाठीच तर आलोय. चला, रीत उरकून टाकू, मग कॉफी. कोंपाद्रे फाउस्तिनो, हा आमच्या इल्कातेचा पाव, ही मेणबत्ती. उद्या सकाळी आमच्या देवळातली कांदेलारिया माय नदीच्या काळ्या शिळेच्या उतारावर येईल आणि तुमच्या संत ब्लासची वाट बघेल. मायचा कारभारी म्हणून हा निरोप मी संत ब्लासच्या कारभाऱ्याच्या हाती देतो.

देल्फिना : अहो, मेणबत्ती पुढे केलीय त्यांनी.

फाउस्तिनो : दिसतंय मला.

कांदिदो : घ्या की मग! दरवर्षी तर वाक्य संपायच्या आत हिसकावून घेता. हात भरून आला माझा.

फाउस्तिनो : कोंपाद्रे, माझी तब्येत कशी काय आहे?

कांदिदो : तुमची? मलाच विचारता? ठणठणीत दिसताय.

फाउस्तिनो : आणि खोकला?

कांदिदो : कसला खोकला?

देल्फिना : हेच, अगदी हेच मी त्या ड्रायव्हरला विचारलं. त्या परदेशी मदत-मिशनची जीप रडतखडत, धापा टाकत इथवर आली. खाली उतरवला काय, तर औषधाच्या बाटल्यांचा खोका. म्हणे, मिशनच्या सेन्योरा मार्गिटनं पाठवलाय, आजारी कारभाऱ्यांसाठी. आजारी कारभारी त्या वेळी छपरावर चढून कौलं सारखी करत होते.

कांदिदो : चुकून आलं असेल. परदेशी माणसं, दहा गावं फिरतात. नावांचा घोळ होतो.

देल्फिना : होतो बाई, घोळ होतो. औषध मी शेजारच्या इनोसेन्सियाला दिलं. तिचा खोकला गेला. माझी मात्र झोप गेली.

फाउस्तिनो : देल्फिना, थांब. त्यांना बोलू दे. कोंपाद्रे, मी तीन आठवडे वाट बघतोय. रोज संध्याकाळी या बाकावर बसून खालची वाट बघायचो. वाटायचं, आज येतील. वर चढायला वेळ लागतो, गुडघे दुखतात त्यांचे. पण येतील आणि आपल्या तोंडानं सांगतील. तुम्ही आज आलात, तेही मेणबत्ती घेऊन. अजून वेळ आहे. सांगा.

कांदिदो : काय सांगू? तुम्ही असं बोलायला लागलात तर माणसाला काही सुचेल का?

देल्फिना : मग मी सांगते. जानेवारीतली गोष्ट. सगळं गाव कॉफी तोडायला गेलेलं. मी देवळात एकटी, हे बाहेर ओट्यावर. एका हातात तेलाचं फडकं, संत ब्लासच्या मूर्तीचा चेहरा पुसतेय, आणि खिडकीत रेडिओ लावलेला. रेडिओवरचा बाप्या म्हणतो, "इल्कातेच्या चौकात आत्ता ऐतिहासिक क्षण! मानासाराचे संत ब्लास कांदेलारिया मातेसमोर तीनदा झुकले!" मी फडकं खाली ठेवलं. संतांकडे बघितलं. म्हटलं, बाबा, तुम्ही तर इथं माझ्या हातात आहात. मग तिकडे झुकतंय कोण?

कांदिदो : इथवर ऐकू येतो तो रेडिओ?

देल्फिना : न यायला काय झालं? त्याचा मनोरा मिशननं आमच्याच डोंगरावर उभा केलाय. दोन गावांत संवाद राहावा म्हणून!

फाउस्तिनो : कोण होतं, कोंपाद्रे? संत ब्लास म्हणून कोणाला उभं केलंत?

कांदिदो : औषधाच्या दुकानातला संत इसिद्रो.

देल्फिना : अरे देवा. इसिद्रो तर शेतकरी! त्याला बिशप केलंत?

कांदिदो : पुठ्ठ्याची टोपी केली. दाढी कापसाची.

देल्फिना : आणि त्याच्या पायाशी बैलजोडी आहे, ती?

कांदिदो : फुलांनी झाकली.

देल्फिना : हसू नका म्हणाल, पण मी हसणार. बैल झाकले! नाहीतर ते परदेशी शिष्टमंडळ म्हणालं असतं, या गावचे बिशप नांगर धरतात वाटतं.

फाउस्तिनो : का केलंत?

कांदिदो : ऐका. एकदा नीट ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते बोला. शिष्टमंडळ येणार जानेवारीत. सहा देशांची माणसं, प्रत्येकाच्या विमानाची तारीख ठरलेली. आपला ग्वांकास्को, संतांची भेट, फेब्रुवारीत. सेन्योरा मार्गिट माझ्याकडे आली, म्हणाली, दोन गावं अजूनही आपल्या संतांची भेट घडवून तंटे मिटवतात हे या लोकांनी डोळ्यांनी बघितलं, तर दोन्ही गावांच्या नव्या बाजाराला मंजुरी मिळेल. नाही बघितलं तर ती मदत दुसऱ्या कुठल्या देशात जाईल. मी काय करायला हवं होतं?

फाउस्तिनो : डोंगर चढायला हवा होता.

कांदिदो : तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता!

फाउस्तिनो : म्हणालो असतो. विचारतात ते त्यासाठीच.

कांदिदो : म्हणजे बाजार गेला असता. दोघांचाही! तुमची मडकी, तुमचे बटाटे, तुमची कॉफी अजून वीस वर्षं त्या दलालाच्या दारात. मी म्हटलं, आधी बाजार पदरात पडू दे, मग कोंपाद्रेंची समजूत काढू. ते रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, मग हसतील.

फाउस्तिनो : मला हसायचं होतं, कांदिदो. खरंच सांगतो. पहिल्या रात्री मी देल्फिनाला म्हटलंसुद्धा, काहीतरी अडचण असेल त्याची, येऊन सांगेल, आपण हसू.

कांदिदो : तुम्ही मला नावानं हाक मारलीत.

फाउस्तिनो : हो. सुटलं तोंडातून.

कांदिदो : माझ्या रोसाउराचे तुम्ही धर्मबाप झालात, त्या बाप्तिस्म्यापासून कधी मारली नव्हती.

देल्फिना : पुढचं विचारा त्यांना. दगड.

फाउस्तिनो : हां. बाजाराचा पहिला दगड बसवला म्हणत होता तो रेडिओवाला. टाळ्या ऐकल्या आम्ही. कुठं बसवला?

कांदिदो : तो काय, नुसता समारंभाचा दगड...

फाउस्तिनो : कुठं?

कांदिदो : आमच्या देवळामागं.

देल्फिना : बघा! मी म्हटलं होतं.

फाउस्तिनो : बाजार काळ्या शिळेच्या उतारावरच व्हावा, असं आपण सगळ्यांनी तिथंच मत देऊन ठरवलं होतं. दोन्ही गावं. एक भोपळा 'हो'च्या पांढऱ्या मक्याच्या दाण्यांसाठी, एक 'नाही'च्या काळ्या घेवड्यासाठी. माझी आई माझ्या खांद्यावर बसून खाली आली होती दाणा टाकायला. जन्मात पहिल्यांदा कोणी तिला विचारलं होतं, बाई, तुला काय वाटतं. परत येताना रस्ताभर तेच सांगत होती, मी पांढरा टाकला, मी पांढरा टाकला. आणि हीच सेन्योरा, याच ओट्यावर बसून म्हणाली होती, दोन्ही गावांनी मिळून ठरवल्याशिवाय एक खांब रोवणार नाही. मी तिचा हात हातात घेतला होता. मला वाटलं, देव कधीकधी फार लांबची माणसं पाठवतो.

कांदिदो : ती वाईट नाही हो. मोटारी उतारापर्यंत जात नाहीत. पाऊस झाला की चिखल. इंजिनियर म्हणाला, चौकाजवळ सोयीचं. तिनं मला विचारलं, मानासाराची हरकत नाही ना?

देल्फिना : आणि तुम्ही मानासारा!

कांदिदो : मी म्हटलं... हरकत नाही.

फाउस्तिनो : तिनं विचारलं नाही, फाउस्तिनो कुठे आहे?

कांदिदो : विचारलं. मी म्हटलं, छातीत कफ झालाय, उठवत नाही.

देल्फिना : आणि तिनं औषध पाठवलं. स्वतः मात्र वर आली नाही बघायला.

कांदिदो : भेटीच्या वेळी रडली ती. देवाशपथ. डोळे पुसत होती.

देल्फिना : कापसाच्या दाढीला बघून!

फाउस्तिनो : तिला हसू नकोस. ती कशाला रडली ते मला माहीत आहे. गाण्याला रडली. कांदिदो, आता मुख्य गोष्ट. दगड जाऊ दे, दाढी जाऊ दे. भेटीच्या गाण्यातली हाक तुम्ही दिलीत, ती तुमचीच आहे. पण आमचं उत्तर? ते माझ्याशिवाय कोणालाच येत नाही. मला आणि...

कांदिदो : कोंपाद्रे.

फाउस्तिनो : आणि रोसाउराला. "हात उघडे घेऊन आलो, कोयता घरी टांगून आलो, तुझ्या पाण्यात पाय धुऊ दे, माझ्या सावलीत बस गं माय." मी देवळाच्या ओट्यावर होतो. आतून रेडिओ ऐकू आला आणि माझं मलाच वाटलं, मी गातोय की काय. जिथं मी श्वास घेतो तिथं श्वास. 'सावलीत' म्हणताना मी आवाज खाली आणतो, माझा बाप आणायचा तसा, तसाच. मला मूल नाही. तुमच्या पोरीला मी मांडीवर घेऊन शिकवलं. आमचे म्हातारे चिडले होते, बाईमाणूस, तीही पलीकडच्या गावची! मी म्हटलं, माझी धर्मलेक आहे. मी गेलो तरी उत्तर थांबायला नको. आणि मी जिवंत असताना तुम्ही तिच्याकडून...

देल्फिना : पाणी प्या थोडं.

फाउस्तिनो : फार छान गायली, कांदिदो. ते जास्त लागलं.

कांदिदो : तिचा दोष नाही.

फाउस्तिनो : काय सांगितलंत तिला?

कांदिदो : मेणबत्ती घ्या आधी.

फाउस्तिनो : काय सांगितलंत माझ्या पोरीला?

कांदिदो : सांगितलं की तुम्ही अंथरुणावर आहात. निरोप पाठवलाय, "जा लेकी, माझ्या जागी गा, माझा आशीर्वाद आहे." ती नाहीतर तयार होत नव्हती. तुम्हाला भेटायला येते म्हणत होती. मी म्हटलं, तुम्हाला बोलायचासुद्धा त्रास होतो.

देल्फिना : माणसाच्या जिभेला काही हाड असतं का!

कांदिदो : मी चुकलो. बोला, आणखी बोला, ऐकून घेतो. पण उद्याचं काय? उद्या माय उतारावर येणार, दोन्ही गावं जमणार. आणि संत ब्लास आले नाहीत तर? तुम्हाला आठवतं ना, ज्या वर्षी भेट चुकली त्या वर्षी काय झालं. पाटाच्या पाण्यावरून कोयते निघाले. तुमचा भाऊ माक्सिमो गेला. माझ्या काकाचा हात गेला. माझ्यावरच्या रागानं ते परत आणू नका. मी पाया पडतो.

फाउस्तिनो : पाया पडू नका. माक्सिमोचं नाव तुम्ही घेऊ नका, एवढंच करा.

कांदिदो : मग घ्या ना मेणबत्ती.

फाउस्तिनो : उद्या भेटीआधी, दोन्ही गावांसमोर, तुम्ही सांगायचं. संत इसिद्रो, दगड, खोकला, सगळं. बाजार कुठं व्हायचा ते मग गावं परत ठरवतील. सेन्योरालाही कळवायचं, तुम्हीच. आणि रोसाउराला आज सांगायचं. घरी जाऊन. तिला ते उद्या लोकांत उभं राहून कळता कामा नये.

कांदिदो : गावाला सांगेन. कसंबसं सांगेन. शिव्या देतील, देऊ देत. पण पोरीला... तुम्ही तिला ओळखता. ती माझं तोंड बघणार नाही.

फाउस्तिनो : हो.

कांदिदो : घर सोडून तुमच्याकडे येईल.

फाउस्तिनो : हे दार तिचंच आहे.

कांदिदो : आणि नाही सांगितलं तर?

देल्फिना : तर काय, आणखी एक पुठ्ठ्याची टोपी करा.

फाउस्तिनो : देल्फिना!

कांदिदो : बोलू द्या त्यांना. बरं. निघतो. चढताना वाटलं नव्हतं, उतरणं इतकं जड जाईल. माय उद्या येईल, एवढं मी शब्दानं सांगू शकतो. बाकी... बघतो, कोंपाद्रे. बघतो.

(कांदिदो मेणबत्ती बाकावर ठेवतो आणि जातो.)

देल्फिना : सांगेल?

फाउस्तिनो : माहीत नाही. लहानपणी झाडावरून पडला, हात मोडला, तरी घरी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं होतं.

देल्फिना : या वेळी सांगू नका तुम्ही.

फाउस्तिनो : नाही सांगणार.

देल्फिना : मग संतांचा लाल झगा उन्हात घालू की पेटीतच राहू दे?

फाउस्तिनो : घाल उन्हात. कसर लागते.

देल्फिना : म्हणजे नेणार तुम्ही त्यांना?

फाउस्तिनो : माय नदीवर येऊन उभी राहील. तिनं काय केलंय आपलं? तिला ताटकळत ठेवायचं?

देल्फिना : आणि उत्तर? ते गाणार?

फाउस्तिनो : आधी पलीकडून खरी हाक तर येऊ दे.