घरचं नाव

भाचीच्या पत्राला फाउस्तिनोंनी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. घरबसल्या करायच्या नोकरीसाठी रोवेनाने अर्ज केला, तर तिचीच कागदपत्रं दाखवून दुसरी कोणी आधीच कामाला लागलेली. "मामा, खरी मीच आहे, एवढं कंपनीला लिहा." निवृत्त ग्रंथपालाच्या शब्दाला कोण विचारतं, असं त्यांना वाटायचं. आज फिलिपिन्समधल्या त्यांच्या इलोइलो गावच्या पोस्टात रांगेत पुढे दोघी बोलत होत्या.

"लेकीची नोकरी मिळाली परत?"

"मिळाली बाई! त्या चोरटीकडे दाखला, फोटो, माझं माहेरचं आडनावसुद्धा होतं."

"मग पकडली कशी?"

"लेकीच्या धर्ममातेने कंपनीला पत्रात लिहिलं, घरी हिला बिंगबिंग म्हणतात. साहेबाने दोघींना विचारलं, घरी काय हाक मारतात?"

"चोरटी काय म्हणाली?"

"मारिया कोराझोन व्हिलानुएवा!"

"अगं बाई, जेवायला बोलावताना आडनावासकट?"

"साहेब आपल्याकडचाच, सेबूचा. त्यालाच घरी डिंगडाँग म्हणतात, तो फसतोय होय!"

फाउस्तिनो रांगेतून बाजूला झाले. कंपनीला त्यांनी लिहिलं, "रोवेनाला आम्ही पुतपुत म्हणतो. लहानपणी ती रिक्षाचा आवाज काढत अंगणभर धावायची." मग ते पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहिले, आणि पाकिटावर तिकीट लावून त्यांनी ते पेटीत टाकलं.