बिनधुराचे फिल्टर

हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनवर गाडीला अर्धा तास होता. गौलीगुड्याचे गोविंदराव पेपर वाचत होते, पण शेजारच्या बाकावरून मराठी कानी पडलं आणि नजर एकाच ओळीवर अडली. विद्यापीठातली एक मुलगी जंगलातल्या वॉचमनला गाडीत बसवून द्यायला आली होती.

“सोनेरावमामा, मनोऱ्यावरच्या हवा ओढणाऱ्या यंत्रातला फिल्टर तुम्ही रोज बदललात. सत्त्याऐंशी दिवस!”

“काही चुकलं का, सुप्रियाबाई?”

“चुकलं कुठं? जंगलाच्या हवेतले बारीक कण त्यावर बसतात. त्यांच्यावर प्रकाश टाकला की कणाच्या वरच्या थराला काय चिकटलंय ते कळतं. दर वेळी चुलीचा नाही तर बिडीचा धूर सापडतोच. तुमच्या फिल्टरवर एकदाही नाही. मला वाटलं, आमचं मशीनच बिघडलं.”

“तुम्हीच म्हणाला होता ना, धूर नक्को म्हणून?”

“मग स्वयंपाक कुठं करायचात?”

“ओढ्यापल्याड. वारं उलटं फिरलं की त्या दिवशी चुरमुरे.”

“आणि बिडी?”

“सुटली की! बायको तुमच्या नावानं दिवा लावते.”

“अहो मामा, दिवा मी लावायला हवा.”

“ते ऱ्हाऊ द्या. कणावर दिसलं काय, ते सांगा.”

“नुसती झाडं. सालईचा डिंक, सागाच्या पानांचा वास.”

“म्हणजे माझं काहीच नाही त्यात?”

“काहीच नाही, मामा. म्हणून तर आमच्या लेखात तुमचं नाव छापलंय.”