शटरवरची शब्दयादी

— नाही जी, उठू नका, चहा येऊन राहिला. अन् मी मराठीत करून देल्लेलं ते ठिबकचं माहितीपुस्तक पहिले खाली ठेवा, साहेब. पान चारवर ‘ड्रिपर’, अकरावर ‘ड्रीपर’, तीसवर ‘उत्सर्जक’; थेंब सोडणारी तोटी एकच, नावं तीन — लाल पेननं गोल करून आणले तुमी, दिसलं मले. पण टाइप करणाऱ्या नत्थुजीचा काय दोष? तुमचीच कंपनी दर दोन वर्षांनी नावं बदलते! म्हणून तं मी यादी ठेवली — नवा शब्द आला का ऑइलपेंटनं लिहायचा, मंग पुस्तकभर तोच. अख्ख्या अकोल्यात अशी यादी नाही. कुठी आहे? शटरवर. आतल्या बाजूनं. — हसता काहून? भिंतीले ओल होती! आता दुकान उघडलं का यादी वर गुंडाळल्या जाते, हे खरं. एक शब्द पाहाचा तं शटर पाडा, लाइट लावा, वाचा, उचला — तेवढ्यात गिऱ्हाईक समोरच्या श्यामकडे! मंग पाडणंच सोडलं. डोक्यात आहे ना सारं!

कोण? तेल्हाऱ्याचे खुशालराव? तुमच्यापर्यंत पोचले का ते! पुस्तक वाचून त्यायले वाटलं, तीन नावं म्हणजे तीन पार्ट. दोन दिवस ‘उत्सर्जक’ हुडकत बाजार पालथा घातला — एकानं कूलरची मोटर देल्ली, अन् त्यायनं ते नळीले जोडली! गार हवा खाऊन कपाशी डोक्याच्या वर गेली, मी सोता पाह्यलं — बरं, डोक्याच्या वर नाही. सुकली. पाच ओळी. रविवारी जाऊन आलो ना मी... आमच्या बायकोचे, कौशल्याचे सख्खे भाऊ आहेत ते. आठ दिवस झाले, घरात ती माझ्याशी बोलून नाही राहिली. ताट आपटते फक्त.

म्हणून म्हणतो, नवी आवृत्ती मलेच द्या. एकच शब्द ठेवतो, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत — तेवढं घेऊन तेल्हाऱ्याले जाईन, तं तोंड दाखवता येईन. — यादी? आता दाखवू? भर दुपारी शटर कोण पाडते, साहेब! ...बरं, राहू द्या, नका ओढू. कोरंच आहे ते. जुनं शटर गंजलं, मूर्तिजापूरच्या भंगारवाल्यानं नेलं. शब्दासकट.

उठले? श्यामकडे? जा, खुशाल जा! पण पायरी चढायच्या आंधी त्याच्या दुकानाले एकदा नीट पाहून घ्या — काचेचं दार आहे त्याचं, साहेब, काचेचं! यादी लिहीन कुठी तो?